पाळकांची सभा

सूचना अबनेरने लिहिली.
वय तेरा, इंग्रजी शाळा, मराठी कामापुरती,
असं मी समजत होते.
मार्करने, मोठ्ठ्या अक्षरात, जिन्याच्या भिंतीवर:
येत्या रविवारी सर्व पाळकांची सभा.
पाळकांनी वेळेवर यावे.

कोपरखैरण्यात आमचा हॉल पिठाच्या गिरणीवर.
खाली चक्की सुरू झाली की वर प्रार्थनेत फरशी थरथरते,
नवा माणूस दचकतो, आम्ही डोळे मिटलेलेच ठेवतो.
मी ळ खोडायला गेले तर ओहोळ पाळक मागे उभे,
चष्मा कपाळावर. म्हणाले, राहू द्या बाई,
बावीस वर्षं एकटाच पाळक आहे या मंडळीत,
सोबत मिळतेय तर मोडता घालू नका.

खरं तर ही सभा मला नकोच होती.
तीन वर्षं ही अकरा पोरं माझ्याकडे.
कुणाचा आवाज फुटला, कुणी कुणाशी अबोला धरलाय,
कुणी प्रगतीपुस्तकावर सही स्वतःच ठोकली,
मला ठाऊक.
आईबाप म्हणजे माझ्यासाठी
गेटपाशी एक पाय टेकून थांबलेली स्कूटर,
इंजिन चालूच.
पोरं वर येत, स्कूटर वळे,
आणि दहा ते अकरा ती माझी.
याचा मला मोह होता, आज कबूल करते.

तरी घरोघर गेले. सेक्टर आठ, सेक्टर पंधरा, बोनकोडे गाव.
उजगरेंनी पाकीटच काढलं, किती द्यायचे म्हणाले.
होसान्नाची आई दारातच, डोळे तांबारलेले,
नेरुळच्या इस्पितळात रात्रपाळी.
देवाने सातव्या दिवशी विसावा घेतला ना बाई,
मला साडेदहापर्यंत तरी घेऊ द्या.
चहा मात्र केला, आलं घालून.
अबनेरच्या दाराला कुलूप.
तो खाली भेटला. म्हणाला, मीच सांगतो घरी.

रविवारी नऊला गिरणीपुढे कुणाचा तरी टेम्पो.
त्रिभुवन, तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात हमाल,
नाताळला शेवटच्या रांगेत दिसणारा माणूस,
प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत डोक्यावर घेऊन जिना चढत होता.
शर्टाला इस्त्री, कांद्याचा वास तरीही.
अहो, हे काय?
पोरगा म्हणाला, सभा पाळकांची आहे, तुमचं काम नाही तिथं.
म्हटलं, एवढे पाळक यायचे,
खुर्च्या पुरायच्या नाहीत.

मी अबनेरकडे बघितलं.
तो भिंतीकडे. कान लाल.
पोराचं शुद्धलेखन
माझ्याहून पक्कं निघालं.

खुर्च्या चाळीस. आले सहाजण.
होसान्नाची आई आली, बसली, आणि
भिंतीला डोकं टेकून झोपली.
होसान्ना तिची पर्स मांडीवर धरून तासभर ताठ,
कुणी खोकलं तरी डोळे वटारायची.
माझ्या वहीत सात मुद्दे होते. वहीतच राहिले.
कुणीतरी प्रार्थनेत पुढाकार घ्या, ओहोळ म्हणाले,
आणि सगळे आपापल्या अंगठ्यांकडे बघू लागले.
उठले ते त्रिभुवन.

देवा, मी पहाटे तीनला निघतो तेव्हा हा झोपलेला असतो.
येतो तेव्हा क्लासला.
आज टेबल वर आणताना पलीकडची बाजू यानं धरली.
माझ्या खांद्याला लागलाय.
मला माहीत नव्हतं.
एवढंच. आमेन.

खाली कुणाचं तरी दळण लागलं होतं.
आमचं आमेन जरा उशिरा आलं, विस्कळीत.

नंतर खुर्च्या एकात एक बसवताना
अबनेरने बापाच्या पाठीला लागलेलं पीठ झटकलं,
दोनदा, गरजेपेक्षा जोरात.
म्हणाला, पप्पा,
पुढच्या वेळी एवढ्या नका आणू.