मोजणी

टीव्हीवर गाझात परत युद्धविराम.
नकाशावर ठिपक्यांची एक रेघ.
रेघा मी ओळखतो.
तीस वर्षं करवीर तालुक्यात साखळी ओढली,
हद्दीचे दगड पुरले.

वडणग्याचे आकाराम आणि पिराजी, चुलत भाऊ.
बांधापायी एकवीस वर्षं कोर्टात.
दगड रात्रीत वीतभर सरकायचा,
सकाळी दोघंही साक्षीला
तोच एक आजा काढायचे.

महापुरात पंचगंगेनं बांध, दगड, खुणा
एकाच गाळाखाली घातल्या.
म्हटलं, आता तरी.
पाणी उतरलं तसे दोघं
काठीनं आपापला बांध चाचपत आले.

यंदा उसाला टोळी आली.
आकारामच्या ट्रॉलीला वाट एकच,
पिराजीच्या रानातून.
पिराजीनं कडेच्या दोन सऱ्या आधी तोडून ठेवल्या.
बोलला नाही.
आकारामनंही वर बघितलं नाही.
केस अजून तारखेवर आहे.

तिथली माती मी हातात घेतलेली नाही.
तिथं ढिगाऱ्याखाली माणसं आहेत,
माझ्या मोजणीवहीत तसला रकाना नव्हता.

तरी बातम्या संपेस्तोवर
चहा निवत ठेवून
त्या ठिपक्यांच्या मधे
दोन सऱ्यांएवढी जागा
शोधत बसतो.