चवीपुरतं

त्या वर्षी सात आठवडे
आमच्या घरात कालवणाला मीठ मी घातलं.
नऊ वर्षांची होते.

इथे, मलावीच्या तळ्याकाठी,
जिच्या अंगावरून जातंय त्या बाईनं
मिठाला हात लावायचा नाही.
लावला तर खाणाऱ्याची छाती खोकल्यानं भरते म्हणतात.
खरंखोटं कुणी पाहिलंय.
पण मीठ दुसऱ्यानं घालायचं,
अजून शहाणी न झालेल्या पोरीनं घातलं तर उत्तम.

आई भोपळ्याच्या पाल्यात शेंगदाण्याचं कूट ढवळायची
आणि हाक मारायची, "एनिफा, ये."
आधी ही हाक महिन्याचे चार दिवस यायची.
आता रोज.

सुई तीन महिन्यांची होती.
त्यासाठी आई दोन तास चालत गेली होती,
पाठीवर धाकटी फालेसी, डोक्यावर मक्याचं बोचकं,
म्हणजे वाटेत कुणी विचारलंच, तर गिरणीत चाललेय.
नर्सबाई म्हणाल्या, थोडं अंगावरून जाईल, काही नसतं त्यात.
थोडं म्हणजे किती, त्यांनी सांगितलं नाही.
आईनं विचारलं नाही.
मागे एकवीस बायका रांगेत होत्या
आणि ऊन वर आलं होतं.

बाबा रात्री कंदील घेऊन होडीवर जायचे,
पहाटे उसिपा मासळी उतरवायचे,
मग चुलीपाशी बसून न्सिमाचा गोळा बोटांत वळायचे,
कालवणात बुडवायचे,
आणि थांबायचे.

माझा हात लहान.
कधी मूठ सैल पडायची,
कधी मीठ घामेजल्या बोटांनाच चिकटून राहायचं.
एक दिवस अळणी, एक दिवस खारट.
चवीपुरतं म्हणजे किती
हे आईच्या बोटांना ठाऊक होतं, तिला सांगता येत नव्हतं.

पहिल्या आठवड्यात बाबा हसले.
चौथ्या आठवड्यात आत्या दारात उभी राहिली.
तिनं पातेल्यात बोट बुडवलं, चाटलं,
आणि मला विचारलं,
"तुझ्या आईचा हात दुखतोय का गं?"

त्या रात्री चटईवर मी डोळे मिटून जागी होते.
"माझं मूल नको तुला?"
"चार आहेत."
एवढंच.
मग खूप वेळ नुसता तळ्याचा आवाज.

पुढच्या सुईची तारीख पुस्तिकेत शिक्क्याखाली होती,
पुस्तिका पिठाच्या बादलीत, तळाशी.
तो दिवस आला. आई मासळी वाळत घालत होती.
मी म्हणाले, "गिरणीत जायचं ना आज?"
ती म्हणाली,
"पीठ आहे अजून."

मक्याला कणसं धरली तेव्हा
मीठ पुन्हा तीच घालत होती.
एका संध्याकाळी कालवण असं जमलं
की बाबांनी पातेलं पुसून खाल्लं.
तिनं एक घास घेतला
आणि घरामागे जाऊन ओकली.

आता त्याच दवाखान्यात मी नोंदवही लिहिते.
शेवटचा रकाना: का सोडलं.
एक, त्रास झाला. दोन, नवऱ्याची हरकत.
तीन, औषध संपलेलं. हा तीन मी फार वेळा लिहिते,
मान वर न करता.
आईचा आकडा कुठला, अजून ठरत नाही.

परवा मालिता नावाची बाई आली.
सगळं ठीक म्हणाली, जमिनीकडे बघत.
मी पेन खाली ठेवलं.
विचारलं, "घरी मीठ कोण घालतं?"
तिनं एकदम वर पाहिलं,
आणि स्टूल ओढून बसली.

माझ्या पाठच्या तिघांनंतरचा तो, लिम्बानी.
खंबीर राहा, असा त्याचा अर्थ.
नाव आईनं ठेवलं,
त्याला म्हणाली की स्वतःला, कुणी विचारलं नाही.
आता माझ्याहून हातभर उंच आहे,
आईचे पाय दाबून देणारा घरात तो एकटाच.
जेवायला बसतो,
आणि पहिला घास घेण्याआधी,
चव न बघता,
मिठाचं पाकीट मागतो.