अडतीस हजार ओहम

अल्दानच्या काठावर, लार्चच्या रांगेमागे
जमिनीत एक नळी पुरली आहे, वर गंजकं टोपण.
मार्चमध्ये ते उघडायला थर्मासमधून गरम पाणी नेते,
त्यातलं निम्मं आयताल वाटेतच पिऊन टाकतो.

नळीत वीस मीटर केबल.
दर मीटरला एक थर्मिस्टर,
राईएवढा मणी, काचेत बंद:
मँगनीजचा, निकेलचा, कोबाल्टचा गंज,
भट्टीत भाजून घट्ट केलेला.

तांब्याची तार तापली की अडून बसते, मी सांगते.
हा उलटा.
गारठला की दारं लावून गप्प,
ऊब लागली की आत अडकलेलं काहीतरी सुटं होतं
आणि रोध उतरतो,
सरळ रेघेत नाही, घसरगुंडीवरून.

"माझ्या मामासारखा," आयताल म्हणतो,
"चुलीजवळ बसवल्याशिवाय तोंड उघडत नाही."
बरोबर. तसंच लिही वहीत.

आणि प्रश्न हळू विचारायचा.
प्रवाह जास्त सोडलास तर मणी त्यानंच तापेल,
जमिनीचं नाही, तुझंच उत्तर तुला देईल.
हे इनोकेन्तीनं शिकवलं मला,
बोलता बोलता स्वतःच लालबुंद होणाऱ्या माणसानं.
त्याच्या दुरुस्तीच्या टेबलावर सगळीकडची भावंडं यायची यांची:
ट्रॅक्टरच्या इंजिनातला,
फोनच्या बॅटरीला बिलगून बसलेला,
जुन्या ॲम्प्लिफायरच्या दाराशी एक जाडा काळा,
जो विजेचा पहिला लोंढा अडवतो,
मग स्वतः तापतो आणि बाजूला होतो.
एक दवाखान्यातल्या काचपेटीचा,
सातव्या महिन्यात आलेल्या मुलीच्या पोटावर चिकटवायचा.
तो त्यानं रात्रीच बसवून दिला, पैसे न घेता.
मुलगी आता गणित शिकवते.

दहावा मणी.
दोन हजार नऊची वही, इनोकेन्तीचं तिरपं अक्षर:
अडतीस हजार शंभर.
मीटर कोटाच्या आतून काढते. छत्तीस हजार शंभर.
आयताल बॅटरी बदलतो.
छत्तीस हजार शंभर.

दोन हजार ओहम, म्हणजे एक अंश.
बत्तीस हजार सहाशेच्या आसपास शून्य आहे,
आणि शून्याच्या खालीच आमची शाळा उभी आहे,
खांबांवर, खांब गोठलेल्या मातीत.
इतकी वर्षं सर्किटं जोडताना
रोध कमी झाला की बरं वाटायचं मला.

टोपण लावलं.
आयतालनं खिशातला सुटा मणी मीटरला जोडला,
हातमोजा काढून मुठीत धरला.
पावणेदोन लाख. नव्वद हजार. तीस. बारा.
सात हजारांवर आकडा थांबला.
"बघ," तो म्हणाला, "मी किती लवकर कळतो."

हे मी वहीत लिहिलं नाही.
त्याची बोटं पांढरी पडत होती,
हातमोजा घाल म्हटलं.
जमिनीला पंधरा वर्षं लागली होती
एवढं बोलायला.