उघाडी

चिंचखरीच्या खारबंधाऱ्याला पाच उघाड्या.
ऐनाच्या फळ्या, वरून बिजागरी, खाडीकडे तोंड.
भरती आली की पाणीच त्यांना ढकलून मिटवतं,
ओहोटीला आतलं पाणी त्यांना लोटून बाहेर पडतं.
हात लावावा लागत नाही.
तरी माझे वडील, धाकू शिवलकर, बेचाळीस वर्षं
अवसेला, पुनवेला बॅटरी घेऊन बांधावर जायचे.
"आपसूक चालतं ना,
त्याच्यावरच ध्यान ठेवायचं."

अष्टमीला, भांगाचं पाणी, खाडी निजल्यासारखी,
त्यांच्या हातातून बशी सुटली.
उजवा हात.
मग तोंडाची उजवी बाजू.
मग शब्द.

रत्नागिरीच्या सिव्हिलमध्ये दाब निघाला दोनशे सहा.
मी त्यांच्या गोळ्यांचे आठ वारांचे आठ डबे भरणारी
(आठवा डबा विसरलेल्या दिवसासाठी),
आकडा बघून ओरडले: अहो, उतरवा ना!
डॉक्टर काझी म्हणाल्या, नाही. आज नाही.

केसपेपरच्या मागे त्यांनी दोन रेघा ओढल्या.
मेंदूतल्या बारीक धमन्या, म्हणाल्या,
दाब वाढला की आवळतात, पडला की सैलावतात.
तुम्ही वाकता, उठता, जिना चढता, भांडता,
आत पुरवठा तेवढाच राहतो.
पण गुठळीपलीकडच्या त्या तुकड्यात आता
जेवढ्या सैलावायच्या तेवढ्या सैलावल्यात.
तिथे बाहेरचा जोर जाईल तेवढंच रक्त जाणार.
तो जोर मी काढून घेऊ?

मी मान हलवली. कळलं नव्हतं.

रात्री वॉर्डाबाहेरच्या बाकावर
शेजारी पावसचा एक माणूस घोरत होता, तोंड उघडं टाकून.
मी मोजत बसले: दीड किलोही नाही तो गोळा,
मध्यम कलिंगड त्याहून जड,
आणि शरीरातल्या पाच श्वासांतला एक त्याचा एकट्याचा.
बरं, साठवण काही नाही.
कणगी नाही, मडकं नाही, उद्याची बेगमी नाही.
पाट दोन-चार मिनिटं आटला
की बियाणंच जातं.

तीनच्या सुमाराला मला ते वर्ष आठवलं,
उधाण बांधावरून आत आलं होतं,
भाताच्या लोंब्या खाऱ्या पाण्याखाली.
सगळे म्हणत होते, फळ्या काढा, या ओहोटीतच रिकामं करा.
बाबा उघाडीपुढे गुडघाभर चिखलात उभे.
"भिजलेला बांध पाण्याच्याच टेकूनं उभा हाय.
एकदम उतरवलात तर आत बसंल.
चार ओहोट्या थांबा."
शिव्या खाल्ल्या त्यांनी. सख्ख्या भावाच्यासुद्धा.
पलीकडच्या खारीत थांबले नाहीत.
तिथला बांध सकाळी
भाकरी मोडावी तसा तीन जागी मोडलेला.

मग मी उठून वॉर्डात गेले
आणि मॉनिटरवरच्या दोनशेकडे बघत उभी राहिले,
पहिल्यांदा न ओरडता.

सकाळी डॉक्टर काझींनी मनगट पुढे केलं.
हे काय आहे, शिवलकर?
बाबांचे डोळे घड्याळावर. ओठ हलले, थांबले.
कपाळाला आठी पडली, डावीकडेच.
आत कुठल्या तरी कोपऱ्याकडे
दुसरीकडचं पाणी वळवत असतील,
एक एक फळी हाताने उचलून,
जिथे शब्द ठेवला होता तिथपर्यंत ओल जावी म्हणून.
मला सांगावंसं वाटलं. नाही सांगितलं.

"भ... भरती."

त्यांनी कागदावर फुली मारली.
बरोबर होती फुली, घड्याळच होतं ते.

पण नवमी होती.
तिथीच्या पाऊणपट, हा हिशोब त्यांनीच शिकवलेला:
नऊ तिथी, पावणेसात.
मी वाकून काटे बघितले.
पावणेसात.

फुलीचं काही बोलले नाही मी.
दाब एकशे अठ्ठ्याऐंशी होता,
कुणी हात लावला नव्हता.