रुमालाखाली

दगेसिंग आप्पांनी आधी गाडीभोवती फेरी मारली,
उजवीकडून, मग उलटी.
पांढऱ्या पत्र्यावरून तळवा फिरवत
भोवरा शोधला बहुतेक.
मग म्हणाले, "हाई गाडीनं तोंड उघाड."
मी बॉनेट उघडलं.
ते वाकून बघत राहिले,
दात मोजल्यासारखे.

चाळीस वर्षं सारंगखेड्याच्या यात्रेत
घोड्यांची दलाली केलीय, मुलगा म्हणाला,
जणू माफी मागत होता.
त्याच्या मोबाइलमध्ये नाशिकचं कोटेशन होतं.

मी आमचा कागद पुढे केला. एक्स-शोरूम, आरटीओ, विमा,
मॅट, मडफ्लॅप, टेफ्लॉन,
आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात,
हँडलिंग चार्ज साडेसात हजार.
आप्पांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला.
"हँडलिंग म्हंजे?"
पाठ होतं ते सांगितलं: यार्डातून आणणं, धुणं, सांभाळणं.
"म्हंजे हात लावाना पैसा.
पोरी, घोडाले हात लावाना पैसा
आम्ही कधी लिधा नही."
पलीकडच्या टेबलावरचं गिऱ्हाईकही हसलं.

साहेब आले. साहेब पुण्याचे,
धुळ्याचं ऊन अजून त्यांच्या अंगवळणी पडायचंय.
"काका, मार्जिनच उरलेलं नाही."
आप्पा काही बोलले नाहीत.
खांद्यावरचा रुमाल काढला, झटकला,
टेबलावर अंथरला कॅल्क्युलेटरसकट,
आणि त्याच्याखाली उजवा हात सरकवून
वाट बघत बसले.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.
मुलाने फरशीकडे.

मला येतं हे.
माझे वडील वरखेडीच्या बाजारात बैलांचे सौदे करायचे.
शाळेला सुटी लागली की टॉवेलखाली शिकवायचे,
शेंगदाणे लावून.
अख्खा पंजा म्हणजे पाच. बोट मधेच मुडपलं तर अर्धा.
आई म्हणायची, पोरीला कशाला.
मी शेंगदाणे जिंकायचे.

"मी बघू का, सर?"
आणि हात आत घातला.
आप्पा दचकून चार बोटं मागे सरले.
एवढ्या वर्षांत बाईचा हात आला नसेल तिथे.
"तुले येस का?"
"येस."
"कोनी पोर शे तू?"
सांगितलं. नाव ओळखलं की नाही, कळलं नाही,
पण हात पुढे आला.
खरबरीत, लगामाने घासून मधे चपटा झालेला.

त्यांनी तीन दाबली. म्हणजे तीस हजार सोडा.
मी एक.
ते हसले, तोंडाने नाही, अंगठ्याने.
साहेबांच्या ड्रॉवरमधला शेवटचा आकडा मला माहीत होता
आणि मला माहीत आहे हे
आप्पांना माझ्या करंगळीवरून कळलं असावं.
मी एक आणि मुडपलेलं.
रुमाल उंदीर शिरल्यासारखा हलत राहिला.
वरचा कॅमेरा नुसताच बघत होता.
कितीला तुटलं ते बिलावर आहे, कुणीही वाचावं.
पण बोटं कशी गेली, आधी कोण सैल पडलं,
ते मी सांगणार नाही.

हात सोडताना त्यांनी
माझ्या मनगटावर अंगठा टेकवला, एकदा, हलकेच.
हे मला शिकवलेलं नव्हतं.

रात्री देवपूरच्या खोलीतून घरी फोन लावला.
हँडलिंगवर वडील खोकला येईपर्यंत हसले.
मनगटाचं सांगितलं तेव्हा गप्प झाले.
मग म्हणाले, "ती तुनी दलाली.
ती भावमा धरतस नही."
मागायची का, मी विचारलं.
"ती मांगतस नही."
थोडं थांबून, "कंपनी कितला देस तुले, एक गाडीमांगे?"
चारशे, मी म्हटलं. टार्गेट झालं तर.

"चारशे," ते म्हणाले,
बाजारात समोरच्याचा भाव पाडायचा असला की
म्हणायचे तसं,
आणि आई जेवायला हाक मारतेय म्हणून
फोन ठेवला.