कोटघर

वूच शहरात, जुन्या गिरणीच्या रंगखात्याखाली
एक तळघर आहे. पोरं त्याला क्लब म्हणतात.
साठ माणसं मावतात. पासष्टावा आला
की इग्नात्सी दार ओढून घेतो.
मी दाराशी बसते. कोट घ्यायचा, पितळी बिल्ला द्यायचा,
एका कोटाचे तीन झ्वॉटी.

वरच्याच मजल्यावर साचेखातं होतं.
चोवीस वर्षं तिथं मी सहा-सहा माग सांभाळले.
बोलायचं ओठांनी, ऐकायचं डोळ्यांनी.
गिरणी बंद झाली तेव्हा
बारीक आवाज तिनं स्वतःकडे ठेवून घेतले,
किटलीची शिट्टी, चिमण्या,
नातवाच्या नावातला शेवटचा 'श'.
जाड आवाज तेवढे मला दिले.
ग्रॅच्युइटी म्हणा.

आजची पोरगी पत्रकावर 'सादझा' आहे,
आमच्याकडे काजळीला म्हणतात तसं.
खरं नाव लुबोमिरा. ट्रामनं आली, एकटीच,
पाठीवर कीबोर्ड,
सुटकेसमध्ये वायरी, पेडलं, आणि एक डबा
ज्याचं झाकण कुणीतरी रबर लावून घट्ट केलेलं.

दुपारी ती आवाज तपासत होती.
खालचा एक सूर दाबून धरला
तर माझे रिकामे हँगर दांडीवर थरथरायला लागले.
वाजत असणार. मला नुसते दिसले.
इग्नात्सी हात हलवून ओरडला, "तेओफिलाबाई, धरा ते!"
मी दांडी आवळली.
ती मंचावरून उतरली, माझ्यासमोर उभी राहिली,
माझी बोटं एकेक करून सोडवली
आणि ओठ नीट उघडून
(तिला कसं कळलं कोण जाणे)
विचारलं, "अजून आहेत?"

होते. मागे खोकंभर.

म्हणून रात्री मी प्रत्येकाला सांगितलं,
आज कोट अंगावरच.
बाहेर उणे नऊ, आत भट्टी.
माणसं घामेजून उभी, खांद्याला खांदा,
बर्फ वितळून बुटांखाली चिखल.
एका म्हाताऱ्यानं ऐकलं नाहीच,
ओला कोट माझ्या हातात कोंबून आत गेला.
तेवढा एक हँगर मुका.

मग दिवे गेले. एक लाल बल्ब राहिला.
मरणाचं गात होती म्हणे,
आणि लोकांचे पाय ठेका धरत होते.
तिच्या वरच्या पट्टीतलं मला काही पोचत नाही.
पण तो खालचा सूर आला जमिनीतून,
खुर्चीच्या पायांतून, माझ्या गुडघ्यांच्या वाट्यांतून,
आणि दीडशे हँगर एकदम अंगात आल्यासारखे.
सगळ्यांनी माना वळवल्या माझ्याकडे.
चोवीस वर्षांत साच्यावर कुणी वळून बघितलं नव्हतं.

दोन गाण्यांच्या मधे
माइकपासून तोंड फिरवून ती काहीतरी बोलली.
कुणालाच ऐकू गेलं नाही.
मी वाचलं: "अजून तीन. मग घरी."

हेच मी धोट्याला सांगायचे,
रात्रपाळीला, भोंग्याआधीचा तास सरत नसे तेव्हा.

सगळे गेल्यावर ती डबा उघडून
पायरीवर बसून गार पिएरोगी खात होती,
डोळ्यांतलं काळं गालांवर आलेलं.
एक मला दिला. कोबीचा. मीठ जास्त.

गल्ल्यात तीन झ्वॉटी.
इग्नात्सीला काय सांगायचं
ते उद्या बघू.