पोटखराबा

किकलीच्या फाट्यावर मी एकटीच उतरले.
कंडक्टर म्हणाला, गडावर? या उन्हात?
म्हटलं, काम आहे.
खोटं होतं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली.
पण पिशवीत गावनकाशाची छायाप्रत होती,
अडतीस वर्षं भूमी अभिलेखच्या कपाटात
हात घालत आलेल्या बाईची सवय.

आमच्या दप्तरी चंदन आणि वंदन
दोन्ही मिळून एकच शब्द: पोटखराबा.
म्हणजे जिथं पिकत नाही.
तट, बुरूज, टाकी, कबरी, शेंदूर फासलेले दगड,
सगळ्यांचा मिळून आकार
शून्य रुपये शून्य पैसे.
मीच, माझ्या वळणदार अक्षरात,
त्याच्या नकला दिल्यात कित्येकांना, सहीशिक्क्यासह.
गड तेवढा पाहायचा राहिला होता.

बेलमाची मागे पडली की वाट सुटते.
कागदावर ती तुटक रेघ, सरळ.
इथं ती करवंदीच्या जाळीत शिरते
आणि बाहेर येते तेव्हा दोन झालेली असते:
एक गुरांची, रुंद, शेणानं सारवल्यासारखी,
एक शेळ्यांची,
जिथं दुसरं पाऊल पहिल्याच्या पुढंच टाकावं लागतं.
मी नकाशा फिरवला, उत्तर वर केली.
वाऱ्यानं तो माझ्याच तोंडावर आपटला.

"कागूद काय म्हंतुया?"
सगुणा ढेबे. खडकावर बसलेली, मांडीवर काठी.
म्हटलं, वाट सरळ आहे म्हणतोय.
"मंग जावा की सरळ,"
ती म्हणाली, आणि हसलीसुद्धा नाही.

मग तीच पुढं झाली, शेळ्या तिच्या पुढं.
हितं येरवाळी साप ऊन खातो.
हितं माझी काळी पाट व्याली, पहिल्यांदा.
हितं दम खायचा.
का?
"समदी खात्यात."
दगड खरंच खोलगट झाला होता, बसून बसून.
मी बसले. माप घेऊन केल्यासारखा होता.

तटाखालून वळसा घालताना
एके ठिकाणी भिंत ढासळलेली.
वाट तिथं तोंड फिरवून खाली उतरते,
पडलेल्या चिऱ्यांना लांबून जाते,
आणि पुन्हा वर, काही झालंच नाही अशी.
कधी पडली ही?
"मी नांदाय आले तवा हुबी हुती.
दुसऱ्या पोराच्या येळंला पडली."
अशी तारीख लिहायला
आमच्या कुठल्याच नमुन्यात रकाना नाही.

"आदी चौघी यायचो हिकडनं.
वाट अशी हुती." तिनं दोन्ही हात पसरले.
थोरला कारखान्यावर. सुनेला शेळीचा वास सोसत नाही.
फुलाबाई गेली, झुंबर पोरीकडं राहते.
बोलता बोलता हात जवळ येत गेले.
उरलं ते अंतर मी नजरेनं मोजलं:
एक फूट दोन इंच.
काही बोलले नाही.

खिंडीत एक गड या हाताला, एक त्या.
खाली उसाचे चौकोन.
ज्यांच्या वीतभर बांधासाठी
भाऊ भावाला माझ्या टेबलापर्यंत ओढत आणायचे.
इथून त्यातला एकही बांध दिसेना.
चष्मा पुसून पाहिला. तरीही.

उतरताना ती म्हणाली, तो कागूद द्या हिकडं.
दिला.
तिनं त्याचा द्रोण वळला, सफाईनं,
चंदन आत, वंदन बाहेर,
आणि जाळीतली करवंदं भरून परत माझ्या हातात ठेवला.
"तेवढीच जांभळी घ्या. लाल अजून तुरट हाइत."

फाट्यावर तोच कंडक्टर, परतीच्या फेरीचा.
झालं का काम?
नाही, म्हटलं. मोजणी अर्धवट राहिली. परत यावं लागेल.
द्रोण पुढं केला.
त्यानं दोन उचलली, बी खिडकीबाहेर थुंकली,
आणि माझं अर्धं तिकीट फाडलं.